टूलकिटमध्ये हॅटची पिन!

घरच्या गाडीचे मागचे ब्रेक स्वतः बदलायचेत? मग यादी करा. जॅक, गाडी टेकवायला दोन जॅक स्टँड, पुढच्या चाकांना लावायला ठोकळे, व्हील पाना, ड्रममधल्या स्प्रिंगा काढायला पक्कड, ब्रेक क्लीनर, नट नेमके आवळायला टॉर्क रेंच आणि अर्थातच नवे ब्रेक शू. मागे डिस्क असेल, तर कॅलिपरचा पिस्टन आत बसवायचं टूलही लागतं.

आता कल्पना करा, यातलं काहीच जवळ नाही. जगात गॅरेज नावाची गोष्टच नाही. आणि उतारावर ब्रेक नीट लागत नाहीये. बर्था बेंझवर हीच वेळ आली होती!

बर्थाचा जन्म ३ मे १८४९चा, जर्मनीतल्या फोर्त्सहाइमचा. कार्ल बेंझ या हुशार पण कडक्या इंजिनिअरवर तिचा जीव जडला. त्याचं वर्कशॉप बुडायच्या बेतात होतं. तिने लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे त्यात घातले. १८७२मध्ये लग्न झालं. २९ जानेवारी १८८६ला कार्लने तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण गाडी घ्यायला कोणी पुढे येईना. घरातला पैसा अडकलेला आणि लोकांचा विश्वास शून्य.

मग ऑगस्ट १८८८मध्ये बर्थाने ठरवलं, आता गाडी रस्त्यावर न्यायचीच. नवऱ्याला न सांगता ओयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त!

वाटेत एकेक संकट आलं. इंधन संपलं, तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन हे डाग काढायचं द्रावण घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती हॅटच्या पिनेने साफ केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिला मोजे धरून ठेवणारा इलॅस्टिकचा पट्टा गुंडाळला. चढावर गाडी दमली की मुलं उतरून ढकलायची. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा बाउश्लॉटमध्ये बूट शिवणाऱ्या कारागिराकडून तिने त्यांवर चामडं बसवून घेतलं. आज ब्रेक शूवर जे लायनर असतं, त्याची सुरुवात याच चामड्यापासून झाली असं मानतात.

संध्याकाळी ती पोहोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतही आली. प्रवासात काय काय बिघडलं, ते तिने कार्लला सांगितलं. पुढे गाडीत चढासाठी आणखी एक गिअर आला. गाडीची चर्चा झाली, गिऱ्हाइकंही आली. पेटंटवर मात्र बर्थाचं नाव आलं नाही. ५ मे १९४४ला, पंच्याण्णवाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, बर्था गेली.

म्हणून तुम्ही ब्रेकमध्ये जुगाड करायचा का? अजिबात नाही! बर्थाकडे दुसरा पर्याय नव्हता, तुमच्याकडे आहे. पूर्ण टूलकिट जमवा, पहिल्यांदा एखाद्या जाणत्या मेकॅनिकला शेजारी उभं करा आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कधीच जाऊ नका. बर्थाकडून घ्यायचं ते वेगळंच. काही बिघडलं की ती आधी नेमकं काय बिघडलंय ते बघायची, आणि मगच हात घालायची. हे टूल कुठल्याच दुकानात मिळत नाही.