डाव्या हाताचा ग्रंथ

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी शाळेत शिकत असताना महात्मा जोतीराव फुले मला समाजसुधारक म्हणूनच ठाऊक होते. कॉमर्सला आल्यावर कळले की, ते बांधकामाची कंत्राटे घेणारे व्यावसायिकही होते. परंतु मला सर्वांत थोर वाटतात ती त्यांची अखेरची अडीच वर्षे.

१८२७ मध्ये जन्मलेल्या जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. मे १८८८ मध्ये मुंबईत जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली आणि दोनच महिन्यांनी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले.

उजव्या अंगाचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो. तेथील रक्तपुरवठा तुटला की पेशी मरतात. मात्र मेलेल्या भागाच्या काठावर काही दिवसांतच सूक्ष्म रक्तवाहिन्यांना नवे फुटवे येतात. त्यांच्या भिंती आरंभी कच्च्या, झिरपणाऱ्या असतात. पक्क्या व्हायला आठवडे लागतात. ही डागडुजी संथ आणि बहुधा अपुरी असते.

जोतीराव तिची वाट पाहत बसले नाहीत. शाबूत डाव्या हाताने लिहून त्यांनी १८८९ मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आमच्याकडे खेड्यांत पक्षाघात झालेल्या माणसाचे खाते घरची मंडळी तिथेच बंद करतात. शिल्लक काय आहे, हे आधी पाहावे, एवढेच मी जोतीरावांकडून शिकलो.