तळ्यात गेलेली चित्रं आणि मागे राहिलेले आबालाल

हुबळी-धारवाड : धारवाड, बेळगाव हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते, तेव्हा इकडच्या पोरांना चित्रकला शिकायची तर मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठावं लागे. शेजारच्या कोल्हापूर संस्थानातून त्याच वाटेने गेलेला एक मोठा माणूस म्हणजे आबालाल रहिमान. २८ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

आबालाल यांचं घराणं कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्यांचं. त्यामुळे रेषेचं वळण घरातूनच हाताला लागलेलं. १८८० च्या दशकात ते जे. जे.मध्ये शिकले. तिथली त्यांची विद्यार्थिदशेतली रेखाटनं इतकी पक्की, की संस्थेने ती जपून ठेवली. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉय पदक मिळालं. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटी सुरू झाली. मुंबईत राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळालं असतं. पण गडी कोल्हापूरला परतला.

कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट, संध्यामठ हाच त्यांचा स्टुडिओ. पहाटेचं धुकं, पाण्यावरचं ऊन, सांजेची सावली ते जागेवर बसून रंगवत. विकत घ्यायला पैसे नसले की रंग स्वतःच तयार करत. युरोपात न जाता त्यांनी प्रकाशाचा जो अभ्यास केला, तो बघून जाणकार आजही चकित होतात.

त्या काळी गावात चित्रांवर लिहिणारा समीक्षक कोण असणार? सामान्य लोकांना देवादिकांची, राजेरजवाड्यांची चित्रं कळत. तळं आणि झाडं भिंतीवर कशाला, असंच वाटे. त्यांची पारख केली ती छत्रपती शाहू महाराजांनी. त्यांनी आबालालना दरबारी चित्रकार नेमलं. दुसरी दाद मिळाली चित्रकारांकडूनच. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर यांच्या पिढीने त्यांना गुरुस्थानी मानलं आणि कोल्हापूरची निसर्गचित्रणाची परंपरा तिथूनच वाढली.

१९२२ मध्ये महाराज गेले. आधार तुटला. त्या दुःखात आबालालनी आपली हजारो चित्रं तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. नेमका आकडा कुणी मोजलेला नाही. पण हाताशी उरलं ते थोडंच, एवढं खरं. १९३१ मध्ये गरिबीतच त्यांचं निधन झालं.

गावाने त्यांना ओळखलं, पण उशिरा. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची काही चित्रं आहेत. धारवाडहून बेळगाव, निपाणीमार्गे सरळ रस्ता आहे. अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तासभर वेळ काढून तिथंही डोकावावं.