पेटीवाचून गोविंदराव

वादकाला ऐकणं वेगळं आणि वाजवताना पाहणं वेगळं. पोलंडचा विख्यात पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्स्की याला पाहण्याची सोय १९३७ सालच्या एका ब्रिटिश बोलपटाने करून ठेवली आहे. ‘मूनलाइट सोनाटा’ हे त्याचं नाव. पादेरेव्स्कीने तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. १९१९ साली नव्या स्वतंत्र पोलंडचं पंतप्रधानपद भूषवून झालं होतं, आणि केस पिंजारलेल्या कापसासारखे पांढरे झाले होते. पडद्यावर तो शोपँ वाजवतो, लिस्ट वाजवतो, ज्याच्या नावाने चित्रपट निघाला ते बेथोव्हेनचं सोनाटा वाजवतो. कथानक यथातथाच आहे. पण ती बोटं! पाश्चात्त्य संगीताचा गंध नसलेल्या माणसानेही पाहत राहावं असं ते दृश्य आहे. मी तो चित्रपट पाहिला तेव्हा मनात पहिला विचार आला तो कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांचा.

याला कारण आहे. पियानोच्या पट्ट्या आणि हार्मोनियमच्या पट्ट्या या एकाच घराण्यातल्या. त्या पट्ट्यांवर महाराष्ट्रात ज्याच्या बोटांनी राज्य केलं, तो माणूस पादेरेव्स्कीच्या पाच वर्षं आधीच कॅमेऱ्यापुढे उभा राहिला होता. १९३२ सालचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट मानला जातो. त्यातले राजा हरिश्चंद्र म्हणजे गोविंदराव. संगीतही त्यांचंच. संगणकाच्या कृपेने हा चित्रपट आज पातूरला घरी बसून पाहता येतो, आणि मी तो पुनःपुन्हा पाहतो. पण त्यात गोविंदरावांच्या पुढ्यात पेटी नाही. पुराणातला राजा पेटी वाजवणार कसा? पादेरेव्स्कीची बोटं जगाला मिळाली; आम्हाला मिळाला तो बोटांवाचूनचा गोविंदराव. तरीही त्या चित्रपटावरचं माझं प्रेम कमी होत नाही, उलट वाढतच जातं. असं का होतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. वाढले ते कोल्हापुरात. त्या काळचं कोल्हापूर म्हणजे गाण्याचं माहेरघर. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला होता. खाँसाहेबांची ती पेचदार, डोंगरवाटेसारखी वळणं घेणारी गायकी ऐकतऐकतच गोविंदरावांचा कान तयार झाला. पेटी मात्र त्यांना कोणी समोर बसवून शिकवली नाही. ती त्यांनी आपली आपणच हाताखाली घातली. गुरू मानलं ते भास्करबुवा बखले यांना. बुवा तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात मुरवलेले गवई. त्यांच्या मैफलीत साथीला बसायचं म्हणजे रोज नवी परीक्षा. गवई कुठे वळेल याचा पत्ता नाही, आणि साथीदाराने मागे राहता कामा नये, पुढेही जाता कामा नये. गोविंदरावांची खरी शाळा हीच.

इथे पेटीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. हे वाद्य मुळात परदेशी. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला हार्मोनियम हे नाव मिळालं, आणि पायाने भाता मारायचं ते धूड कलकत्त्याच्या कारागिरांनी मांडी घालून वाजवता येईल असं सुटसुटीत केलं. आत पितळी सूर, मागे भाता. डाव्या हाताने वारा भरायचा आणि उजव्याने पट्ट्या दाबायच्या. वरवर पाहता इतकं सोपं वाद्य दुसरं नाही. लहान मुलानेही पट्टी दाबली तरी सूर येतोच. पण खोड तिथेच आहे. सूर येतो तो ठोकळ्यासारखा. सतारीची तार खेचावी, सारंगीवर नख सरकवावं, तसा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा मार्ग इथे नाही. आपल्या संगीताचा प्राण मींडेत, आणि पेटीला मींड नाही. आपले राग श्रुतींवर झुलतात, आणि पेटीत सप्तकाला मोजून बारा पट्ट्या. म्हणून मोठमोठ्या जाणकारांनी तिला नाकं मुरडली, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग उत्तम पेटीवादक काय करतो? जे वाद्यात नाही त्याचा भास निर्माण करतो. पहिली पट्टी पुरती सुटायच्या आत दुसरीला निसटता स्पर्श करतो, भात्याचा दाब किंचित सैल सोडतो आणि पुन्हा भरतो. ऐकणाऱ्याच्या कानाला वाटतं, सूर घसरत गेला. गायक दम घेतो तिथे पेटीही दम घेते. उजवा हात सगळ्यांना दिसतो; पण खरी कला डाव्या हातात, भात्यात असते. पेटीला गळा नाही, तो तिला श्वासातून द्यावा लागतो. गोविंदरावांचं नाव झालं ते यासाठी. मैफलीत निव्वळ पेटी ऐकायला लोक जमावेत, असा मान त्यांनी या उपऱ्या वाद्याला मिळवून दिला.

दुसरा मान मिळवून दिला तो रंगभूमीवर. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगमंचावर आणलं, त्याच्या चाली गोविंदरावांच्या. तोवरच्या नाट्यपदांवर साकी-दिंडी, कीर्तन आणि लावणी यांचं सावट असे. गोविंदरावांनी उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी या ठेवणीतल्या चिजा उचलल्या आणि मराठी शब्दांच्या अंगावर अशा बेताने चढवल्या की त्या इथल्याच वाटाव्यात. भामिनी झाले होते बालगंधर्व. पुढे १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. गोविंदराव थोड्याच वर्षांत तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही आपली स्वतंत्र कंपनी काढली. पण मराठी माणसाच्या कानाला जे नाट्यसंगीत म्हणून ठाऊक आहे, त्याचा साचा तोवर पडून गेला होता.

आमच्या पातूरला आगगाडी नाही. नाटक कंपन्यांचे मुक्काम पडत ते अकोल्याला, अमरावतीला. दादासाहेब खापर्ड्यांसारखा नाटकवेडा रसिक अमरावतीचाच. कंपनी अकोल्याला आली की बैलगाड्या जुंपून नाटकाला जाणारी आणि पुढे वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगणारी माणसं आम्ही लहानपणी गावात पाहिली. ती बालगंधर्वांचा शालू सांगत, त्यांची तान सांगत. पण त्यांच्या बोलण्यात पदाची चाल कोणाची हा विषय कधी आलेला मला आठवत नाही. चाल बांधणाऱ्याचं भाग्यच असं असतं. चाल जितकी चांगली बसेल तितका तो विसरला जातो.

आणि मग १९३२ साल. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात कंपनी काढली होती. १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईत ‘आलम आरा’ बोलू लागला, आणि प्रभातनेही बोलायचं ठरवलं. विषय घेतला तो हरिश्चंद्राचा, ज्या विषयावर दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला मूकपट काढला होता. फाळक्यांची तारामती पुरुष होती. प्रभातची तारामती होत्या दुर्गा खोटे. प्रतिष्ठित घरातली सुशिक्षित स्त्री पडद्यावर येणं ही त्या दिवसांत खळबळीची गोष्ट. त्यांच्यासमोर हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले पन्नाशी गाठलेले गोविंदराव.

आजच्या प्रेक्षकाने हा चित्रपट पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पार्श्वगायनाची युक्ती आपल्याकडे आली १९३५ साली. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर गात असे, तेच गाणं तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित होत असे, आणि वादक दृश्यात येणार नाहीत अशा बेताने आडोशाला बसत. म्हणजे ‘अयोध्येचा राजा’मध्ये जो आवाज आपण ऐकतो, तो त्या क्षणी, त्या जागी, त्या माणसाच्या छातीतून निघालेला आवाज आहे. त्यात मागाहून केलेली मखलाशी नाही. चित्रण म्हणतात ते हे. आणि गंमत पाहा, ज्या माणसाने उमेदीचा काळ दुसऱ्याच्या गाण्यामागे बसून काढला, तो इथे समोर उभा आहे, आणि आडोशाला बसून त्याची साथ करतो आहे दुसराच कोणीतरी. तो कोण, हे पडद्यावर कधी दिसत नाही. एकेकाळी गोविंदराव ज्या जागी बसत, ती जागा आता त्याची.

गोविंदरावांचा गळा बालगंधर्वांचा नव्हे. त्यांचा अभिनयही आजच्या डोळ्यांना रंगमंचावरचा वाटेल. पण पेटीवर ज्याचा थोडाफार हात फिरलेला आहे, त्याने हा चित्रपट डोळे मिटून एकदा ऐकावा. रंगभूमीवर एकेक पद वन्समोअर घेत अर्धा-अर्धा तास चाले. इथे फिल्म थोडी आणि वेळ त्याहून थोडा. त्या दोन-तीन मिनिटांत रागाचं तोंड दिसलं पाहिजे, शब्द कळला पाहिजे आणि गोष्ट पुढे सरकली पाहिजे. हा हिशेब गवयाला सहसा जमत नाही, कारण त्याला पसरण्याची सवय. साथीदाराला तो जमतो. दुसऱ्याने सोडलेल्या फटीत नेमकं बोलून गप्प बसण्यात त्याचा जन्म गेलेला असतो. गोविंदरावांच्या गाण्यात मला ते गप्प बसणं ऐकू येतं. ओळ संपते, सूर ओढून धरण्याचा मोह होईल अशी जागा येते, आणि ते तिथे थांबतात. भाता सैल सोडावा तसा श्वास सोडतात. राजा राज्य सोडतो, बायको-मुलाला विकतो, स्मशानात डोंबाची चाकरी धरतो. एकेक गोष्ट हातातून सोडत जाण्याची ही कथा आहे, आणि ती सांगायला सोडण्याची कला जाणणारा माणूस लाभला. पडद्यावर पेटी नाही खरी. पण पेटीने त्या माणसाला जे शिकवलं, ते सगळं तिथे आहे.

पुढे बालगंधर्वही १९३५ साली प्रभातच्याच ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथ म्हणून पडद्यावर आले. मंडळीतले दोन जुने भागीदार असे तीन वर्षांच्या अंतराने एकाच कंपनीच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. पडदा बालगंधर्वांना मानवला नाही. गोविंदराव मात्र ‘मायामच्छिंद्र’मध्ये मच्छिंद्रनाथ झाले आणि ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ यांचं संगीतही त्यांनीच केलं. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली, तेव्हा तिथली संगीताची गादी केशवराव भोळे यांच्याकडे आली. गोविंदराव आपल्या लेखनाकडे वळले. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तकं, आणि अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र. या लेखनातही साथीदाराचा स्वभाव सुटलेला नाही. स्वतःविषयी लिहिता लिहिता ते ऐकलेल्या गवयांविषयीच अधिक लिहितात.

आणि याच वर्षांत त्यांच्या वाद्यावर घाला पडला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या स्टुडिओचे दरवाजे बंद केले. सूर भारतीय नाहीत, श्रुती निघत नाहीत, मींड नाही, हीच ती जुनी कारणं. रवींद्रनाथ टागोरांसारख्यांचाही पेटीला विरोध होता. ही बंदी सुमारे तीस वर्षं टिकली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव गेले, तेव्हा ज्या वाद्याने त्यांना ओळख दिली त्याला देशाच्या नभोवाणीवर मज्जाव होता. चित्रपटातल्या हरिश्चंद्राला शेवटी राज्य परत मिळतं. पेटीला ते मिळालेलं पाहायला गोविंदराव राहिले नाहीत.

जाणकारांनी वाळीत टाकलेली ही पेटी त्या तीस वर्षांत जगली कुठे? मैफलींत जगली, नाटकांत जगली, आणि सर्वांत जास्त जगली ती खेड्यापाड्यांत. आमच्या वऱ्हाडात तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गावोगाव मंडळं उभी केली. खंजिरी, तबला आणि पेटी एवढ्या भांडवलावर रात्र जागवता येई. पातूरच्या भजनी मंडळात मीही पोरवयात भाता मारला आहे. आमची पेटी जुनी, दोन सूर कायमचे बसलेले. वाजवणारा ते सूर टाळून वाजवी, आणि ऐकणाऱ्याला कधी कळत नसे. श्रुतींचा वाद आमच्यापर्यंत पोचला नव्हता. थकून आलेल्या माणसाला सूर धरायला आधार हवा असतो, आणि तो ही पेटी देई, एवढंच आम्हाला ठाऊक. रेडिओला नको असलेलं वाद्य ज्या हजारो हातांनी जिवंत ठेवलं, त्यांतल्या बहुतेकांनी गोविंदरावांचं नावही ऐकलेलं नसेल. आता बऱ्याच मंडळांत विजेवर चालणारे कीबोर्ड आले आहेत. त्यांतून बासरी निघते, सनई निघते, बटण दाबलं की ठेकाही सुरू होतो. निघत नाही तो फक्त श्वास, कारण भाताच नाही.

म्हणून वाटतं, नव्याने पेटी शिकणाऱ्या मुलांना ‘अयोध्येचा राजा’ मुद्दाम दाखवावा. बोटं कशी फिरवायची हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी दुसरी साधनं पुष्कळ आहेत. पण पट्ट्यांवरून हात काढून घेतल्यावर वादकात काय उरलं पाहिजे, ते त्यात दिसतं. पादेरेव्स्कीचा चित्रपट पाहून मी थक्क होतो. गोविंदरावांचा पाहिला की आडोशाला बसलेल्या त्या न दिसणाऱ्या पेटीवाल्याकडे कान लागतो. गोविंदराव ओळ संपवून थांबतात, आणि क्षणभरच त्याचा सूर उरतो.