खराटा आणि कीर्तन : श्री संत गाडगे महाराज

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू या क्षेत्री येणाऱ्या भाविकांना श्री गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परिचित असते. त्या वास्तूंमागील पुरुषाने स्वतःसाठी मात्र कधी छप्पर उभारले नाही. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, मस्तकावर फुटके गाडगे आणि हाती खराटा एवढाच त्यांचा संसार होता. त्याच गाडग्यात ते भिक्षेची भाकरी घेत आणि त्यावरूनच लोकांनी त्यांना गाडगेबाबा हे नाव दिले.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. पिता झिंगराजी मद्याच्या व्यसनाने अकाली निवर्तले. माता सखूबाई बाळ डेबूजीस घेऊन मूर्तिजापूरनजीक दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे गुरे राखणे, नांगर धरणे यातच त्यांचे बालपण गेले. शाळेचे तोंड पाहणे घडले नाही. मामांची जमीन सावकाराच्या कर्जात गेल्याचे दुःखही त्यांनी जवळून पाहिले. मद्य, कर्ज आणि निरक्षरता हे त्यांच्या पुढील कीर्तनांचे विषय त्यांना ग्रंथांतून मिळाले नव्हते, घरातूनच मिळाले होते.

त्यांचा पहिला लोकोपदेश निरूपणाच्या रूपाने झालाच नाही. कन्येच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्य व मांसाची पंगत द्यावयाची होती. डेबूजींनी पंगतीला गोडाचे जेवण वाढले. जातभाई रुष्ट झाले, पण रिवाज मोडता येतो हे सर्वांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. पुढे १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला आणि अनेक वर्षे पायी भ्रमण केले.

महाराजांची रीत ठरलेली असे. गावात आले की कोणाच्या ओट्यावर न बसता ते खराटा घेऊन रस्ते व गटारे झाडू लागत. कित्येकांना हा कोणी वेडा भिकारी वाटे. दिवसभर गाव स्वच्छ झाले की रात्री तोच चिंध्या पांघरलेला मनुष्य कीर्तनाला उभा राही, आणि सकाळी त्याला हटकणारे लोक पुढे येऊन बसत. स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्याने आधी आपला गाव झाडला आहे, हे श्रोत्यांना ठाऊक असे. त्यामुळे त्या उपदेशाला उत्तर देणे कठीण जाई.

त्यांचे कीर्तनही रूढ नारदीय पद्धतीचे नव्हते. पूर्वरंग, उत्तररंग, संस्कृत वचने यांचा आडंबर नसे. शुद्ध वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत. शेतकऱ्याला समजेल असा लहानसा प्रश्न, त्यावर दुसरा, मग तिसरा. होकार-नकार देता देता श्रोता अशा ठिकाणी येऊन पोहोचे की कर्ज काढून सण करणे किंवा नवसापोटी मुके जनावर कापणे अयोग्य आहे, हे त्याच्याच मुखातून निघे. मधूनच गोपाळनामाचा गजर होई, हशा पिके आणि पुन्हा प्रश्न सुरू होत. पांडित्याने दिपवून टाकणे त्यांना अवघड नव्हते; परंतु दिपलेला माणूस घरी जाऊन तेच करतो, हे ते ओळखून होते.

शिक्षणाचा विषय निघाला की त्यांची वाणी विशेष कळकळीची होई. घरातील ताट मोडावे, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोला हलक्या किमतीचे लुगडे घ्यावे, पण मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नये, असे ते सांगत. विद्येने मनुष्य कोठवर जातो याचे उदाहरण म्हणून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेत.

कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता पुत्र गोविंद गेल्याची वार्ता आली. महाराजांनी कीर्तन थांबविले नाही.

अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी केवळ शब्द वापरले नाहीत. विठ्ठलमंदिर सर्वांना १९४७ साली खुले झाले. त्यापूर्वी पंढरीच्या वारीत अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना मंदिर तर बंद होतेच, पण रात्री अंग टाकण्यासही जागा मिळत नसे. महाराजांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधविली. ही वास्तू १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः महाराज वारीच्या काळात मंदिरात न जाता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत राहत. विठोबाच्या दर्शनाला आलेल्यांनी याचा अर्थ आपापल्या परीने लावावा.

पायाला हात लावू पाहणाऱ्यांवर ते खराटा उगारीत. शिष्य केले नाहीत, मठ केला नाही. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा, घाट, अन्नछत्रे, गोरक्षणे आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे झाली, मात्र त्यांवर आपल्या आप्तांचा कसलाही हक्क राहणार नाही अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ साली त्यांचे चरित्र लिहिले. त्याच वर्षी संस्थांच्या कारभारासाठी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

१९५६ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे मोटारीतून जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर महाराजांनी देह ठेवला. अमरावती शहरात गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे. दरवर्षी पुण्यतिथीस तेथे भाविकांची मोठी गर्दी होते.