बीदरच्या तोफांचा वाचक : डॉ. गुलाम याझदानी

बीदर आणि कलबुर्गी या आपल्या सीमाभागातील दोन्ही किल्ल्यांच्या बुरुजांवर आजही प्रचंड तोफा पडून आहेत. कलबुर्गीच्या ‘बारा गजी’ तोफेची लांबी 29 फूट सांगतात. बीदरच्या मुंडा बुरुजावरील तोफ पाहण्यासाठी पर्यटक आवर्जून चढून जातात. परंतु या तोफा कोणी, केव्हा आणि कशा घडविल्या, हे पद्धतशीरपणे पाहण्याचे काम ज्या एका अभ्यासकाने केले, त्याचे नाव आपल्या वाचकवर्गात फारसे घेतले जात नाही. ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात त्यांचे स्मरण उचित ठरेल.

गुलाम याझदानी यांचा जन्म 1885 साली दिल्लीस झाला. अरबी व फारसीचे उत्तम अध्ययन करून त्यांनी काही काळ अरबीचे अध्यापन केले. 1914 साली हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि त्याची सूत्रे या तिशीही न गाठलेल्या तरुणाकडे आली. ती 1943 पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या काळात अजिंठ्याच्या चित्रांचे जतन त्यांच्या देखरेखीखाली झाले. त्यासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले. ‘अजंठा’ या त्यांच्या ग्रंथाचे चार भाग 1930 ते 1955 या काळात प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांचा लौकिक झाला. आपल्या दृष्टीने मात्र त्यांचे अधिक मोलाचे पुस्तक म्हणजे 1947 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेला बीदरवरील ग्रंथ होय.

बीदरचा किल्ला त्यांनी हाती घेतला तेव्हा रंगीन महाल, गगन महाल, तर्कश महाल, सोळाखांबी मशीद हे सारे पडझडीच्या व झाडोऱ्याच्या विळख्यात होते. ढिगारे उपसून इमारती मोकळ्या करणे हे खात्याचे मुख्य काम. पण याझदानी तेथे थांबले नाहीत. दरवाजे, खंदक व बुरूज यांच्याइतक्याच आस्थेने त्यांनी तोफांकडेही पाहिले. ‘फतह लष्कर’, ‘महमूदशाही’ अशा नावांच्या तोफांची त्यांनी नोंद केली, मापे घेतली आणि त्यांवरील फारसी लेख वाचले.

हे काम वाटते तितके सरळ नाही. अलीकडच्या काळातील बंदूक वा संगीन असेल तर तिच्यावर कारखान्याचा शिक्का आणि क्रमांक असतो, आणि सूचीत शोधले की तिचे कूळ कळते. दख्खनी तोफेला असे कूळपत्र नसते. प्रथम धातू पाहावा लागतो. लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीसारख्या जोडून त्यांवर तापलेली कडी चढवायची व कडी निवून आवळली की तोफ एकजीव करायची, ही एक रीत. काशाचा रस साच्यात ओतून तोफ घडविणे ही दुसरी. पट्ट्यांच्या तोफेवर कड्यांचे वळसे डोळ्यांना दिसतात, ओतीव तोफेचे अंग सलग असते. त्यानंतर लेख. सन पुष्कळदा आकड्यांत नसून शब्दांत दडलेला असतो. प्रत्येक अक्षराला ठरावीक मूल्य धरून बेरीज केली म्हणजे हिजरी वर्ष हाती येते. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून त्याचे इसवी सनात रूपांतर करताना पुन्हा सावधगिरी.

आणि लेख वाचला तरी तो खरा सांगेलच असे नाही. विजापूरच्या ‘मलिक-इ-मैदान’चे उदाहरण घ्यावे. सुमारे 55 टनांची ही तोफ 1549 साली अहमदनगरास मुहंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. ती परांड्याच्या किल्ल्यात होती, तेथून 1632 साली मुरार जगदेवाने विजापुरास नेली. विजापूर पडल्यावर औरंगजेबाने 1686 च्या विजयाचा लेख तिच्यावर कोरविला. केवळ हा दुसरा लेख वाचणारा तोफेचे वय सुमारे 137 वर्षांनी चुकवील. जिंकणाऱ्याचे नाव आणि घडविणाऱ्याचे नाव यांतील हा भेद सांभाळणे, यातच अभ्यासकाची कसोटी असते.

बीदरलाही असा जेता लाभला होता. 1657 साली औरंगजेबाने किल्ला वेढला. किल्लेदार सिद्दी मरजान याने 27 दिवस झुंज दिली. अखेर बुरुजावरील दारूसाठ्याचा भडका उडून तो होरपळला व किल्ला पडला. विजेत्यांच्या हाती 230 तोफा लागल्या. आज बुरुजांवर दिसतात त्या त्यांच्या तुलनेत फारच थोड्या. शिल्लक राहिलेल्यांची नोंद कागदावर उतरणे म्हणूनच निकडीचे होते. लोखंड भंगाराच्या भावाने विकले जाते, लेख मात्र विकत मिळत नाही. (बिदरी कामाच्या भांड्यांना काळा रंग चढविण्यासाठी कारागीर जुन्या किल्ल्याचीच माती वापरतात. तिच्यातील सोऱ्याचा तो गुण. दारूचाही मुख्य घटक सोराच, हा योगायोग गमतीचा आहे.)

याझदानी हे निजामाचे अधिकारी होते, हे विसरून त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही. ज्या राजवटीत मराठी, कानडी, तेलुगू भाषकांना साधी सभा भरवायलाही परवानगी मागावी लागे, त्याच राजवटीच्या पैशाने हे देखणे ग्रंथ छापले गेले. आपल्या भागातील वडीलधाऱ्या पिढीच्या मनात त्याबद्दल कडवटपणा राहिला, तो अकारण नव्हता. बीदरच्या ग्रंथानंतर वर्षभराने, सप्टेंबर 1948 मध्ये, ते संस्थानच संपले. 1956 साली बीदर जिल्ह्याचेही तुकडे झाले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग वेगळा निघाला. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ग्रंथाचा खर्च कोणी केला यापेक्षा मजकूर किती नेटका आहे हे आधी पाहावे. आणि त्यात याझदानी उणे पडत नाहीत. वारंगळच्या काकतीयांच्या वास्तूंपासून वेरूळच्या लेण्यांपर्यंत त्यांच्या खात्याने समान आस्थेने लक्ष दिले.

निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन चालू राहिले. 1959 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 1960 साली त्यांनी संपादिलेला दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा ग्रंथ निघाला, आणि 1962 साली त्यांचे निधन झाले. बीदरवरील त्यांचे पुस्तक पुष्कळ वर्षे दुर्मीळ होते. 1995 साली दिल्लीहून त्याचे पुनर्मुद्रण झाले. ते हाताशी घेऊन मुंडा बुरुजावर गेल्यास गंजलेल्या लोखंडावरील अक्षरे कोठून शोधायला लागावी, हे कळते.