मज्जातंतूंचा चित्रकार : काहाल

मुलाचा हात पाटीवर गणिताऐवजीं चित्रांतच अधिक रमतो, अशी काळजी ज्या पालकांस वाटत असेल, त्यांच्यासाठीं आम्हीं स्पेन देशाचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचें चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजीं स्पेनच्या उत्तर भागांतील एका डोंगरी खेड्यांत झाला. वडील शस्त्रवैद्य, स्वभावानें करारी. मुलगा मात्र विलक्षण व्रात्य. अकराव्या वर्षीं त्यानें लांकडाची तोफ बनवून शेजाऱ्याच्या बागेचें फाटक उडवून दिलें व त्यापायीं कोठडीची हवा खाल्ली. (हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं करूं नये!) त्याचा खरा ओढा चित्रकलेकडे होता. वडिलांस तो कालाचा अपव्यय वाटे. मुलानें वैद्यच व्हावें हा त्यांचा हट्ट. अभ्यासांत लक्ष नाहीं म्हणून त्यांनीं त्यास कांहीं काळ जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या हाताखालींही ठेविलें. अखेर सन १८६८ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं जुन्या दफनभूमींतील हाडें आणून मुलास शरीररचना शिकविण्यास आरंभ केला. हाडें पाहून तीं कागदावर उतरवावयाचीं होतीं. मग काय, मुलगा रमला. ज्या छंदावरून बापलेकांत वितुष्ट आलें होतें, त्याच छंदाच्या वाटेनें तो वैद्यकांत शिरला.

सन १८७३ त पदवी मिळाल्यावर सैन्याचे वैद्य म्हणून ते क्यूबा बेटांत गेले व हिवतापानें खंगून परतले. पुढें क्षयानेंही गांठलें. त्यांतून उठून त्यांनीं सूक्ष्मदर्शक हातीं धरला तो कायमचाच.

त्या काळीं बहुतेक विद्वानांचें मत असें होतें कीं, मेंदूंतील सारे तंतू मिळून एकच अखंड जाळें होतें. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनीं सन १८७३ त चांदीच्या क्षारानें मज्जापेशी काळ्या रंगविण्याची युक्ति शोधिली होती. त्यांचाही विश्वास जाळ्यावरच. काहाल यांनीं ती युक्ति सन १८८७ त पाहिली, सुधारली, आणि प्रौढ मेंदूऐवजीं अंड्यांतील पिलें व नवजात प्राणी अभ्यासास घेतले. दाट अरण्यांतील झाडें मोजण्यापेक्षां रोपवाटिकेंतील रोपें पाहणें सोपें, हा त्यांचा विचार. त्यांस दिसलें कीं प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. सन १८८८ त त्यांनीं पदरमोड करून स्वतःचें नियतकालिक काढलें. तरी कोणी लक्ष देईना, म्हणून दुसऱ्या वर्षीं आपल्या कांचपट्ट्या घेऊन ते बर्लिनच्या परिषदेस गेले. तेथें वृद्ध आचार्य क्योलिकर यांनीं त्या पाहिल्या आणि आपलें जुनें मत सोडलें.

पण पेशी जर सुट्या, तर एकीचा तंतू दुसरीपर्यंत पोंचतो कसा? सन १८९० त कोंबडीच्या गर्भांत काहाल यांस वाढत्या तंतूच्या टोंकाशीं एक फुगीर शंकू आढळला. त्यास त्यांनीं वृद्धिशंकू असें नांव दिलें. तो मृत, रंगविलेल्या कापांत दिसत होता. तरी तो जिवंतपणीं वाट काढीत पुढें सरकत असला पाहिजे व रासायनिक द्रव्यें त्यास ओढीत असलीं पाहिजेत, हें त्यांनीं ताडलें. सन १९०७ त अमेरिकेंत हॅरिसन यांनीं बेडकाचा जिवंत तंतू वाढतांना प्रत्यक्ष पाहिला.

हें टोंक वाढतें कसें, हें पुढील पिढ्यांस उमगलें. तंतू लांबावयाचा तर त्याचें पातळ आवरणही वाढलें पाहिजे, आणि त्याची सामग्री बहुतांशीं दूर, पेशीच्या मुख्य देहांत तयार होते. आमच्या वाचकांनीं जलंबहून खामगांवास जाणारा, सन १८७० त सुरू झालेला लोहमार्ग पाहिला असेल. लोहमार्ग वाढवितांना नवे रूळ आधीं टाकलेल्या रुळांवरूनच टोंकापर्यंत नेतां येतात. तद्वत् आवरणाच्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या तंतूंतील नलिकांच्या मार्गानें शंकूपर्यंत येतात व आवरणांत मिसळून जातात. ज्या बाजूनें आकर्षक द्रव्याचा संकेत येतो, त्या बाजूस त्या अधिक उतरतात आणि शंकू तिकडे वळतो. हें जपानी संशोधकांनीं सन २००७ त कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर दाखविलें. इष्ट पेशीशीं गांठ पडली कीं शंकूचें रूपांतर जोडणींत होतें.

बोटास खोल जखम होऊन गेलेली संवेदना कालांतरानें परत येऊं शकते. पण तुटलेला पृष्ठरज्जू सांधत नाहीं. असें कां, याचा शोध काहाल यांनीं सन १९१३-१४ च्या आपल्या द्विखंडी ग्रंथांत घेतला. त्या प्रश्नाचें पुरतें उत्तर अद्यापि मिळावयाचें आहे.

सन १९०६ चें नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी यांस विभागून मिळालें. एकाच्याच युक्तीनें दुसऱ्यानें त्याचें मत खोडलें होतें! गोल्जी यांनीं त्या प्रसंगींच्या व्याख्यानांतही काहाल यांच्या सिद्धांतास विरोधच केला. आम्हांस गोल्जींचा राग येत नाहीं. जाळें तुटलें तरी रंग त्यांचाच होता.

काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजीं माद्रिद येथें निवर्तले. दोन पेशींमधील जी फट त्यांनीं तर्कानें ओळखली, ती सन १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं दिसली. आपल्या पुण्यास आयसर संस्थेंतील संशोधकांनींही वृद्धिशंकूंच्या अभ्यासासाठीं निवडलें तें कोंबडीचें अंडेंच.