लकव्याचं मूळ शोधणारे हकीम

तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात लुळा पडला, की मराठी घरात ‘लकवा मारला’ असं म्हणतात. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. जुन्या अरबी वैद्यकग्रंथांत तोंड वाकडं होण्याच्या विकाराला ‘लक्वा’ आणि अर्धांगवायूला ‘फालिज’ म्हणत. या दोन्ही विकारांवर सुमारे हजार वर्षांपूर्वी सविस्तर लिहिणाऱ्या एका हकिमांनी हिजरी सन 428 च्या रमजान महिन्यात, म्हणजे इसवी सन 1037 मध्ये, इराणमधील हमदान शहरात जगाचा निरोप घेतला. त्यांचं नाव अबू अली इब्न सिना. युरोप त्यांना अव्हिसेना म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म 980 च्या सुमारास बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावात झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात आहे. वडील अब्दुल्ला मूळचे बल्खचे, सरकारी नोकरीत. आईचं नाव सितारा. दहाव्या वर्षापर्यंत कुरआन आणि साहित्याचा अभ्यास झाला. हिशेबाची भारतीय पद्धत शिकण्यासाठी वडिलांनी या मुलाला एका भाजी विकणाऱ्याकडे पाठवलं. आपल्या आत्मकथनात इब्न सिना यांनी त्या भाजीवाल्याची आठवण नोंदवून ठेवली आहे.

सोळाव्या वर्षी वयाने मोठे हकीम त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. पण सगळंच सोपं गेलं असं नाही. ॲरिस्टॉटलचा तत्त्वज्ञानावरील एक ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला, तरी उलगडेना. शेवटी बाजारात एका दलालाच्या आग्रहाखातर तीन दिरहमला अल-फाराबी यांचं छोटं पुस्तक घेतलं आणि गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुक्र म्हणून गरिबांना भरपूर सदका वाटला.

बुखाऱ्याचे अमीर नूह इब्न मन्सूर यांच्या आजारपणात त्यांना उपचारासाठी बोलावण्यात आलं आणि त्या ओळखीतून राजवाड्याचं ग्रंथालय खुलं झालं. पुढे वडील गेले, सामानी राजवट कोसळली आणि भटकंती सुरू झाली. गुरगंज, गुरगान, रय, मग हमदान. गुरगानमध्ये त्यांना जुझजानी नावाचा शिष्य मिळाला. तो अखेरपर्यंत सोबत राहिला आणि गुरूचं उरलेलं चरित्र त्यानेच लिहिलं. तिथेच ‘अल-कानून फित्तिब’ या महाग्रंथाची सुरुवात झाली.

मेंदू, मज्जारज्जू आणि नसा यांचं काम कसं चालतं, हा या ग्रंथातला एक महत्त्वाचा विषय. ग्रीक वैद्य गॅलेन यांच्या परंपरेत राहून इब्न सिना यांनी तो नीटनेटका मांडला. जाणीव आणि हालचाल या दोन्हींची शक्ती मेंदूतून निघते आणि नसांवाटे शरीरभर जाते. मग पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कशाला? त्याचं उत्तर असं होतं की, सगळ्या नसा थेट मेंदूतूनच फुटल्या असत्या तर डोकं आताहून कितीतरी मोठं करावं लागलं असतं. शिवाय हातापायांपर्यंतचा लांबचा पल्ला गाठताना त्या नाजूक नसांना वाटेत इजा झाली असती. म्हणून मेंदूतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि जागोजागी त्यातून नसांच्या जोड्या बाहेर पडतात. एका तलावातून मोठा कालवा निघावा आणि त्यातून शेताशेताला पाट फुटावेत, तशी ही रचना आहे.

नस बारीक आणि मऊ, हाड जड आणि कठीण. नस हाडाला थेट कशी ओढणार? त्यासाठी मधे स्नायू असतो. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूत येतो, स्नायू आखडतो, त्याची दोरी हाडाला ओढते आणि बोट वाकतं. एवढ्या साध्या हालचालीमागे किती दुवे असतात, हे त्यांनी एकेक करून दाखवलं.

यातूनच उपचाराचा मोठा नियम निघतो. दुखणं दिसतं तिथेच त्याचं मूळ असेल असं नाही. बोटं बधिर झाली तर दोष बोटांत नसून मानेतल्या नसेच्या उगमाशी असू शकतो. म्हणून लुळ्या हाताला लेप लावत बसण्यापेक्षा नस जिथून निघते तिथे लक्ष द्यायचं. वेदनांचेही त्यांनी पंधरा प्रकार वेगळे केले. टोचणारी, ओढणारी, जळजळणारी, ठणकणारी, जड वाटणारी अशी प्रत्येक वेदना आतल्या बिघाडाची वेगळी खूण म्हणून वाचायची.

हमदानमध्ये अमीर शम्सुद्दौला यांची पोटदुखी बरी केल्यावर इब्न सिना यांना वजिरी मिळाली. पण सैन्य बिथरलं, घर लुटलं गेलं, चाळीस दिवस लपून राहावं लागलं. अमिरांना पुन्हा पोटदुखी झाली तेव्हा त्याच हकिमांना सन्मानाने परत बोलावलं. अमिरांच्या मृत्यूनंतर वारं फिरलं आणि इब्न सिना अबू गालिब नावाच्या अत्ताराच्या घरी दडून बसले. तिथे ते रोज पन्नास पानं लिहीत. ‘किताबुश्शिफा’ हा दुसरा प्रचंड ग्रंथ त्या काळात झपाट्याने पुढे गेला. पुढे ते पकडले गेले आणि फरदजान किल्ल्यात चार महिने कैदेत राहिले. लिखाण तिथेही थांबलं नाही.

‘शिफा’मध्ये मन आणि शरीर यांच्या नात्यावर मोठा भाग आहे. पावसाचा पडणारा थेंब आपल्याला सरळ रेषेसारखा का दिसतो? डोळ्यासमोर तर एका वेळी एकच ठिपका असतो. इब्न सिना यांच्या मते आधीचा ठसा मेंदूत क्षणभर टिकतो आणि नव्या ठशाला जोडला जातो. दिवाळीत मुलांनी फुलबाजी गरगर फिरवली की आगीचं वर्तुळ दिसतं, तेही असंच. म्हणजे पाहण्याचं काम एकट्या डोळ्याचं नाही.

दुसरं उदाहरण लाकडी ओंडक्याचं. जमिनीवर पडलेल्या ओंडक्यावरून माणूस सहज चालत जातो. तोच ओंडका खोल दरीवर पूल म्हणून टाकला तर पाय लटपटतात. ओंडका तोच, पायही तेच. फक्त पडण्याचं चित्र मनात उभं राहतं आणि शरीर त्याच्या आज्ञेत जातं. प्रेमाने झुरणाऱ्या रुग्णाची नाडी धरून एकेक नाव घ्यायचं आणि कोणत्या नावाला नाडी चुकते ते पाहायचं, ही रीतही त्यांनी ‘कानून’मध्ये दिली आहे.

मग त्यांनी एक कठीण कल्पना मांडली. एक माणूस पूर्ण वाढलेला, पण पोकळीत तरंगत निर्माण झाला. डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना लागत नाहीत, हवेचाही स्पर्श नाही. एकही संवेदना नसताना त्याला आपण आहोत हे कळेल का? इब्न सिना यांचं उत्तर होतं की कळेल. त्याला आपले हात, हृदय, मेंदू यांचा पत्ता नसेल, तरी स्वतःच्या असण्याचा असेल. नसांचा इतका बारीक विचार करणाऱ्या हकिमांना माणूस केवळ नसांचा जुडगा वाटला नाही.

सुफीच्या वेषात हमदान सोडून ते इस्फहानला गेले. अमीर अलाउद्दौला यांच्या दरबारात शेवटची काही वर्षं बरी गेली. मात्र ज्या पोटदुखीवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, तिनेच त्यांना गाठलं. लवकर बरं व्हायच्या घाईत त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतड्यांना जखमा झाल्या, झटके येऊ लागले. जुझजानीने लिहिलं आहे की नोकरांनी औषधांत भेसळ केली, पैशांची चोरी उघड होईल या भीतीने अफूही मिसळली. स्वतःचं शरीर आता स्वतःच्या ताब्यात राहिलं नाही हे ओळखून त्यांनी उपचार सोडले. गुलाम मुक्त केले, जवळची संपत्ती वाटून टाकली आणि कुरआन पठणात दिवस घालवले, असं जुने चरित्रकार सांगतात. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. हमदानमध्येच त्यांचा मकबरा आहे.

बाराव्या शतकात ‘कानून’ लॅटिनमध्ये गेला आणि पुढची काही शतकं युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला. आपल्याकडच्या युनानी वैद्यकात त्याला आजही मान आहे. त्यातलं बरंच काही काळाने खोटंही ठरवलं. नसांतून सूक्ष्म वायूसारखा ‘रूह’ वाहतो असं ते मानत. प्रत्यक्षात तिथे विद्युत आणि रासायनिक संदेश धावतात. मऊ नसा जाणिवेच्या, कठीण नसा हालचालीच्या, ही विभागणीही टिकली नाही. मज्जारज्जूला मागून येऊन मिळणारी मुळं जाणीव आणतात आणि पुढून निघणारी हालचाल घडवतात, हे एकोणिसाव्या शतकात प्रयोगाने सिद्ध झालं.

मूळ नियम मात्र टिकला. आज लकव्याचा रुग्ण दवाखान्यात आणला, तर लुळा पडलेला असतो हात, पण डॉक्टर आधी स्कॅन काढतात तो डोक्याचा.